खळ्यावरचं जहाज

उत्तमसिंगनं खळ्यावर जहाज आणलंय, अशी बातमी तांड्यात पसरली तेव्हा अर्धा तांडा हातातली कामं टाकून पाहायला धावला. पाहतात तर काय, घरचीच बंडी. तेच जुनं जू, तोच एका अंगाला कललेला साटा आणि तेच दोन बैल, ज्यांना जन्मात शेत आणि खळं यापलीकडे काही ठाऊक नव्हतं. फरक एवढाच की बंडीच्या मधोमध एक लाकडी खोकं ठोकलं होतं आणि त्यावर पितळी वाटीत, काचेखाली, एक सुई डुगडुगत होती.

म्हातारी रुपीबाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "जहाज आनलं ते ठीक हाये बाप्पा," ती म्हणाली, "पन पानी कवा आनतं?"

लोक पोट धरून हसले. उत्तमसिंग हसला नाही. बंडीच्या तोंडाशी कासरा धरून बसलेली त्याची बायको बिजलीबाई मात्र हसली, कारण रुपीबाईचं बोलणं तिला नेहमीच आवडायचं. हसता हसता तिनं ओढणीची रुपयांची किनार हळूच मुठीत धरली, म्हणजे ती वाजू नये. रुपीबाईचे डोळे गेले होते, पण कान शाबूत होते आणि बिजलीला तांड्यात धास्ती होती ती त्या कानांचीच.

हा तांडा ढाणकीच्या बाजारापासून फार लांब नाही. या लोकांच्या वाडवडिलांनी एके काळी लदेणी केली, म्हणजे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलखामागून मुलूख पालथा घातला. मग रेल्वे आली, सडका आल्या, बैलांच्या पाठीवरच्या गोण्या गेल्या आणि तांडा जिथे थांबला तिथेच रुतला. आता कपाशी, तूर आणि ज्वारी. लदेणीच्या गोष्टी तेवढ्या उरल्या, आणि त्या सांगण्यात तांड्याचा नायक शंकरसिंग याचा हात कोणी धरत नसे. गोष्टी सांगताना त्याची छाती फुगायची. पण तांड्यातला कोणी पोरगा खरोखरच वाटेला लागला, की त्याच छातीत कळ यायची.

असा वाटेला लागलेला पोरगा म्हणजे त्याचा सख्खा पुतण्या उत्तमसिंग. पुसदच्या शाळेत शिकला आणि घरात न सांगता मुंबईला जाऊन मालवाहू जहाजावर खलाशी झाला. आधी दोर ओढले, मग गंज खरवडला, मग जहाजाचं सुकाणू हातात आलं. तेवढ्यावर त्याचं भागलं नाही. त्याला साहेब व्हायचं होतं, सेकंड मेट. त्यासाठी मुंबईत सरकारी परीक्षा असते, लेखी आणि तोंडी. लेखीतून तो सुटला. तोंडीत दोनदा आपटला, आणि दोन्ही वेळा एकाच प्रश्नावर: पोलादी जहाजावर होकायंत्र चुकतं, ती चूक कशी काढाल?

ही चूक म्हणजे काय, हे त्यानं बिजलीला इतक्यांदा सांगितलं होतं की तिला ते तोंडपाठ झालं होतं. पोलादी जहाज बांधलं जातं तेव्हा ते एकाच दिशेला तोंड करून महिनोन्‌महिने पडलेलं असतं आणि हातोड्याचे घाव खात असतं. त्या घावांबरोबर त्याच्या अंगात चुंबकाचा गुण शिरतो. मग होकायंत्राची सुई उत्तर सोडून जहाजाच्याच लोखंडाकडे ओढ घेते. प्रत्येक जहाजाची खोड वेगळी, आणि जहाजानं तोंड फिरवलं की तीच खोड आणखी वेगळी. म्हणून जहाज सावकाश गोल फिरवायचं, आठ दिशांना तोंड करून थांबवायचं, दूरच्या एखाद्या खुणेवर नजर धरायची आणि प्रत्येक दिशेला सुई किती खोटं बोलते ते पाहायचं. मग होकायंत्राखाली चुंबकाच्या कांड्या ठेवून, दोन्ही बाजूंना लोखंडी गोळे बसवून तिला वळणावर आणायचं.

हे सगळं उत्तमसिंगच्या पाठीमागे अनेकदा घडलं होतं. जाणकार माणूस जहाजावर यायचा, साहेबांशी कुजबुजायचा, कांड्या सरकवायचा. पण सुकाणू धरणाऱ्यानं समोर पाहायचं असतं, मान वळवायची नसते. त्यामुळे पुस्तकातलं सगळं पाठ आणि हाताला काहीच माहीत नाही, अशी त्याची गत झाली होती. साहेबानं तोंडी परीक्षेत उलटा प्रश्न टाकला की याची जीभ टाळ्याला चिकटायची.

दुसऱ्यांदा नापास होऊन तो आला तेव्हा नायकानं सगळ्यांदेखत त्याच्याकडून शब्द घेतला. ही होळीनंतरची परीक्षा शेवटची. नापास झाला, किंवा गेलाच नाही, तर दर्या सोडायचा, बापाची जमीन कसायची आणि पुन्हा मुंबईचं नाव काढायचं नाही. उत्तमसिंगनं सेवालाल महाराजांच्या पांढऱ्या झेंड्याखाली उभं राहून शब्द दिला. असा शब्द तांड्यात कोणाला फिरवता येत नाही.

बिजलीला त्या शब्दाचा मनस्वी राग आला होता. आपला नवरा साहेब व्हावा असं तिला वाटत होतं, खोटं कशाला बोला. पण राग तेवढ्यासाठी नव्हता. हा माणूस एसटीतून उतरायचा तेव्हा ताठ चालत यायचा, आणि तांड्यात पाऊल टाकलं, नायकाच्या ओट्यासमोरून गेला, की त्याचे खांदे पडायचे. ते पडलेले खांदे तिला बघवत नसत. एवढ्याशा गोष्टीसाठी बाईमाणूस काय काय करेल याचा नायकाला अंदाज नव्हता.

तिनं काय केलं, तर पुसदला जाऊन चांदी विकली.

तांड्यातल्या बाईची चांदी म्हणजे नुसता दागिना नव्हे. बिजलीच्या ओढणीला जी रुपयांची किनार होती ती तिच्या आईनं स्वतःच्या ओढणीवरून उसवून लेकीच्या ओढणीवर शिवली होती. सगळे जुने राणीछाप रुपये, अस्सल चांदीचे. अशी किनार मोडणारी बाई म्हणजे घर बुडालेली बाई. बिजलीनं ती गुपचूप उसवली, सराफाला दिली आणि तिच्या जागी इंग्रजांच्या शेवटच्या वर्षातले वाघछाप गिलटाचे, म्हणजे निकेलचे, रुपये ओळीनं शिवून टाकले. रंग तोच, चमक तीच, आकार किंचित लहान. कपाळावर येणारा मधला एकच राणीछाप तिनं ठेवला, कारण तिथे कात्री लावताना तिचा हात थांबला. नवऱ्याला सांगितलं, भावानं मदत केली. त्या पैशांत उत्तमसिंगनं मुंबईत शिकवणी लावली, भंगारातून एका मोडीत निघालेल्या जहाजाचं होकायंत्र घेतलं, चुंबकाच्या कांड्या घेतल्या, आणि परीक्षेआधी हात बसवायला म्हणून तो खळ्यावर आला.

कल्पना नामी होती, हे नायकाशिवाय सगळ्यांनी कबूल केलं असतं. बंडीच्या चाकांना लोखंडी धाव, खाली लोखंडी आस, सगळीकडे खिळे आणि पट्ट्या. झालंच की पोलादी जहाज. बैल तर खळ्यावर गोल फिरण्यातच म्हातारे झालेले. लोखंडी गोळ्यांच्या जागी त्यानं ढाणकीच्या बाजारातून शेराची जुनी वजनं आणली. किलो आल्यापासून व्यापाऱ्यांना ती ठेवायची कुठे हा प्रश्नच होता. दूरची खूण म्हणून टेकडीवरचं एकटं सालईचं झाड. आधी त्यानं मोकळ्या रानात, लोखंडापासून लांब उभं राहून, ते झाड नेमकं कोणत्या दिशेला आहे ते पाहून ठेवलं. आता बंडीचं तोंड कुठेही असो, सुईनं त्या झाडाची तीच दिशा सांगितली पाहिजे. सांगितली नाही, तर तेवढी चूक.

बैल फिरवायचं काम बिजलीकडे. बैलांना खळ्यावर थांबायची सवय नव्हती, एकदा फिरायला लागले की फिरतच राहायचे. त्यांना बरोबर जागेवर थांबवणं तिलाच जमायचं. तिला काही काम असलं की नायकाचा धाकटा पोरगा फुलचंद कासरा धरायचा. बापाची नजर चुकवून यायचा बिचारा.

पहिल्या दिवशीच उत्तमसिंगनं हुकूम काढला. "अंगावर लोखंड ठेवायचं नाई. फुल्या, चाकू काढ. कमरेचा इळा काढ."

"अन् भाबीचे दागिने?" फुलचंद म्हणाला.

"चांदी सुईले दिसतच नाई. चांदी, पितय, तांबं, काई फरक नाई पडत. घालू दे."

बिजलीनं सुटकेचा श्वास टाकला. तिला वाटलं होतं, आता ओढणी काढ म्हणतो, हातात घेतो आणि वजनावरून ओळखतो. गिलट म्हणजे काय आणि सुईला ते दिसतं की नाही, हा विचार तिच्या मनाला शिवला नाही. त्याच्या मनाला शिवायचं कारणच नव्हतं. तांड्यातल्या बाईच्या ओढणीवर चांदी सोडून दुसरं काही असेल, हे तांड्यात जन्मलेल्या माणसाला स्वप्नातही सुचलं नसतं. सगळं घोडं तिथेच पेंड खात होतं.

पुढे जे झालं त्यानं उत्तमसिंगचं डोकं फिरायची वेळ आली. बिजली कापूस वेचायला गेली होती त्या दिवशी फुलचंदला घेऊन त्यानं बंडी फिरवली, कांड्या लावल्या, वजनं सरकवली आणि झाड प्रत्येक दिशेला आपल्या जागी आलं. त्या दिवशी तो गाणं म्हणत घरी आला. दुसऱ्या दिवशी बिजली बसली, आणि सुई पार बहकली. पुन्हा पहिल्यापासून. मग बिजली एका दिशेला खाली उतरून बैलाला थोपवायची, तर दुसऱ्या दिशेला वर बसून. तेवढ्यानं सुई एकदा इकडे, एकदा तिकडे. त्यानं साट्यातले सैल खिळे उपटले. बैलाच्या घंटेवर संशय घेतला, ती पितळेची निघाली. खळ्याखालच्या काळ्या दगडावर संशय घेतला आणि बंडी दुसऱ्या रानात नेली. तिथेही तेच. शेवटी त्यानं स्वतःवर संशय घेतला, आणि माणूस एकदा त्या वाटेला लागला की त्याला मागे ओढणं कठीण.

नायक रोज येऊन उभा राहायचा. "जमलं का रं?" एवढंच विचारायचा आणि उत्तराची वाट न पाहता हसायचा.

तांड्याची रीत अशी की सुनेनं सासऱ्याशी थेट बोलायचं नाही, आणि नायक म्हणजे तर सगळ्या तांड्याचाच सासरा. बिजलीनं ती रीत कधी मोडली नव्हती. ती बैलांशी बोलायची.

"लाख्या," ती डाव्या बैलाला मोठ्यानं म्हणायची, "काई लोकाइले दुसऱ्याचं बिघडलं की जेवन गोड लागते. तू कडबा खाय बाप्पा, तुहं तसं नाई."

नायक खाकरायचा आणि निघून जायचा. बैलाच्या आडून झालेला अपमान धरायचा कसा, हे त्याला कळत नसे.

होळी जवळ आली. एका दुपारी सुई पुन्हा बहकली तेव्हा उत्तमसिंग खाली उतरला, डोक्यावरचं मुंडासं काढून त्यानं तोंड पुसलं, आणि तांड्याकडे चालू लागला. त्याचे खांदे पडलेले होते. बिजलीनं हाक मारली, त्यानं मागे पाहिलं नाही.

ती बंडीवर एकटीच राहिली. आवरून ठेवावं म्हणून तिनं चुंबकाच्या कांड्या गोळा केल्या, ओढणीच्या पदरात धरल्या. टक्. कांडी ओढणीच्या किनारीला जाऊन चिकटली. तिनं ओढून काढली, ती पुन्हा चिकटली. बिजलीनं हातातल्या पितळी कड्याला कांडी लावून पाहिली, काही नाही. कपाळावरच्या एकुलत्या राणीछापाला लावली, तो ढिम्म. त्याच्या शेजारच्या वाघाला लावली, वाघानं झडप घातली.

किनार दोन्ही हातांत धरून ती होकायंत्राकडे वाकली. सुई तिच्याकडे वळली. ती मागे सरकली, सुई परत फिरली.

म्हणजे दगड नाही, खिळे नाहीत, नवऱ्याची अक्कल तर नाहीच. आपणच. ज्यासाठी चांदी मोडली तेच काम आपण त्या चांदीच्या जागी शिवलेल्या गिलटानं बिघडवत होतो. तिला रडू आलं आणि त्याच्या मागोमाग स्वतःचं हसूही आलं.

आता सोपी वाट तिच्यासमोर होती. उद्यापासून अंग दुखतं म्हणून घरी बसायचं. फुलचंद कासरा धरील, सुई शहाणी होईल, नवरा परीक्षेला जाईल आणि गिलटाची गोष्ट कोणाला कळणार नाही. तिनं तसं ठरवलंसुद्धा. पण तांड्याच्या बाजूनं माणसं येताना दिसली. पुढे नायक, त्याच्या मागे उत्तमसिंग खाली मान घालून, मग फुलचंद, रुपीबाई आणि रिकामटेकडी सगळी मंडळी.

"उपट ते खोकं," नायक फुलचंदला म्हणाला. "बंडीत शेनखत भर. उत्तमनं शब्द पाळला. तो परीक्षेले जाऊन नाई राह्यला."

फुलचंद जागचा हलला नाही. बिजलीनं नवऱ्याकडे पाहिलं.

"म्या सांगतलं काकाले," उत्तमसिंग जमिनीकडे पाहत म्हणाला. "मले हे जमत नाई बिजली. घरच्या बंडीवर जमत नाई, तिथी साहेबापुढं काय सांगू? तिसऱ्यांदा तोंड काळं करून येन्यापरीस इथीच बरा हावो."

बिजलीनं कासरा घट्ट धरला. सवयीनं ती बैलाकडे वळली. "लाख्या," ती म्हणाली, आणि थांबली. बैलाला काय सांगायचं? आजचं बोलणं बैलाच्या पाठीवर लादण्याइतकं हलकं नव्हतं. तिनं तोंडावरची ओढणी मागे सारली आणि नायकाच्या डोळ्यांत पाहिलं.

"खोक्याले कोनी हात नाई लावायचा, नायकबापू."

रुपीबाईनं शेजारणीला विचारलं, "कोन बोललं वो?" आणि शेजारणीला सांगवेना.

"यांचं काई चुकलं नाई," बिजली म्हणाली. "सुई म्या चुकवली. पाह्या सगळे." तिनं चुंबकाची कांडी उचलून ओढणीच्या किनारीला लावली आणि हात सोडून दिला. कांडी तिथेच लोंबत राहिली.

लोकांना आधी जादू वाटली. उत्तमसिंगला मात्र एका क्षणात कळलं. तो बंडीपाशी आला, त्यानं किनार हातात धरली, एकेक रुपया उलटा करून पाहिला. वाघ, वाघ, वाघ.

"हे गिलट हाये. चांदी कुठी गेली बिजली?"

"तुमच्या शिकवनीत गेली."

"तू तं म्हनली, भावानं देल्ले."

"खोटं बोलली."

"कोनाले इचारून इकली?" त्याचा आवाज चढला.

"कोनाले इचारू? माह्या मायनं मले देल्ली व्हती. तुमी दिवस-रात पुस्तकात मुंडकं घालून बसले व्हते, मले जे सुचलं ते म्या केलं. रागवा लागते तं परीक्षा देऊन या अन् मंग रागवा."

"म्या म्हनतच होती," रुपीबाई मागून म्हणाली. "वर्साभरापासून हिची ओढनी भांड्यावानी वाजून राह्यली."

नायकानं काठी जमिनीवर आपटली. तो खरोखर संतापला होता, आणि संतापायला त्याच्याकडे कारणही होतं. तांड्याची अब्रू बायांच्या अंगावर असते असं तो मानत आला होता. "मायची चांदी मोडली," तो म्हणाला, "अन् गिलट घालून माह्या तांड्यात मिरवून राह्यली. उतर खाली. ते खोटं आधी आंगावरून काढ, मंग तोंड उघड."

बिजली उतरली नाही. उलट तिनं मांडी घट्ट केली.

"नाई काढत. खोटं कायले म्हनता? म्या ते कोनाले चांदी म्हनून इकलं नाई. अन् अब्रू कशाले सांगता नायकबापू? तुमचे आजे-पनजे मीठ घेऊन कुठच्या कुठी गेले, हे तुमीच सांगता ना दर होळीले? आमी पोरी असतानी तोंड वासून आयकत होतो. मंग ज्या घरच्या पोरानं पुन्हा माल न्यायले सुरुवात केली, बैलावर नाई तं जहाजावर, त्याले तुमी म्हनता शेनखत भर. रेल्वेनं आपली वाट बंद केली तं समजते. तुमी काहून करून राह्यले?"

नायकानं काठी दुसऱ्या हातात घेतली. इतक्या वर्षांत त्याला त्याच्याच गोष्टी कोणी परत ऐकवल्या नव्हत्या.

उत्तमसिंगनं मध्ये पडून हळू आवाजात म्हटलं, "बिजली, तू खरंच उतर आता. तू बाजूले झाली की सुई नीट होते. फुल्या बसन. मले समजलं तं सारं."

त्याचं म्हणणं वावगं नव्हतं. पण बिजलीचा पारा चढलेला होता, आणि तिला जे पाठ होतं ते तिनं काढलं.

"तुमच्या जहाजातून लोखंड उतरवून ठेवता का कंपास नीट करायसाठी? तुमीच सांगता ना, जहाजाचं आंग जहाजासंगच राहीन, त्याले सांभाळून सुई वळनावर आना? मंग माहं गिलट माह्या आंगावर राहीन. लावा तुमच्या कांड्या. साहेबानं उलटा सवाल टाकला की तुमची जीभ अडते म्हनता. घ्या, म्या टाकला उलटा सवाल."

उत्तमसिंगनं मुंडासं पुन्हा बांधलं. ते बांधताना त्याचे खांदे वर आले, आणि बिजलीनं ते पाहिलं.

"हलायचं नाई मंग," तो म्हणाला. "जहाज मधीच उतरून बैल धरायले जात नसते."

"नाई हलत. फुलचंद, बैलाच्या तोंडापुढं चाल."

फुलचंदनं बापाकडे पाहिलं नाही. तो सरळ बैलांपुढे जाऊन उभा राहिला.

बंडी फिरली. उत्तरेला थांबली, पूर्वेला थांबली, मधल्या दिशांना थांबली. उत्तमसिंग वाकून झाडावर नजर धरायचा, तोंडातल्या तोंडात पुटपुटायचा. बिजलीच्या बाजूचं वजन त्यानं थोडं लांब सारलं, दुसरं जवळ आणलं. एक कांडी उलटी केली. पुन्हा फेरी. सुई बिजलीकडे वळायला बघायची आणि खालची कांडी तिला धरून ठेवायची. लोक आधी हसत होते, मग कुजबुजत होते, मग बंडीजवळ सरकले. नायक जायला निघाला होता, तो गेला नाही. खळ्याच्या कडेला काठीवर भार देऊन उभा राहिला.

उन्हं कलली तेव्हा उत्तमसिंग सरळ उभा राहिला. "आलं," तो म्हणाला. "आठही बाजूनं झाड जाग्यावर आलं. दक्षिनेले जराशी चूक राहते. ते राहीनच. सारी चूक कवाच जात नाई, जेवढी उरली तेवढी आपल्याले माहीत पाह्यजे." हे वाक्य तो तिला सांगत होता की स्वतःला, हे त्यालाही सांगता आलं नसतं. पण त्याची जीभ अडली नव्हती.

होळी झाल्यावर तो एसटीनं गेला. परत आला तेव्हा ढाणकीच्या फाट्यावरून तांड्यापर्यंत ताठ चालत आला, नायकाच्या ओट्यासमोरूनही तसाच. बिजलीला त्यानं निकाल सांगायची गरजच पडली नाही.

संध्याकाळी ओट्यावर माणसं जमली. गूळ वाटला गेला. नायकानं पुतण्याच्या पाठीवर हात ठेवला, कारण हात न ठेवण्याइतका तो वाईट नव्हता. पण त्याच्या मनातून एक गोष्ट निघत नव्हती.

"आता साहेब झाला," तो उत्तमसिंगला म्हणाला. "पयल्या पगारात बायकोले चांदी इकत आन. साहेबाच्या बायकोनं गिलट घालून फिरनं बरं नाई दिसत."

"आनतोच काका," उत्तमसिंग म्हणाला. "रानीछापच आनतो."

बिजली दाराशी उभी होती. तिनं ओढणी पुढे घेतली नाही आणि बैलही जवळ नव्हता.

"आनू नका," ती म्हणाली. "नायकबापू, लगन झाल्यापासून म्या चांदी घालून फिरली. सुईनं एक डाव मान वळवून पाह्यलं नाई माह्याकडं. आता पाह्यते."

बिजली गूळ घेऊन बायांच्या घोळक्याकडे गेली, आणि किनार मुठीत न धरता गेली. भांड्यासारखा तो आवाज सगळ्या तांड्याला ऐकू गेला.